इंजिन खरोखरच ‘सीझ’ झाले आहे काय?

मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे वऱ्हाडाला नवे नाही. अशा उन्हात अमरावती-अकोला महामार्गावर तापमानाचा काटा चढला किंवा तेलाचा लाल दिवा लागला, तरी ‘मूर्तिजापूरपर्यंत जाऊ’ असे म्हणणाऱ्याची गाडी पुढे टोचन करूनच न्यावी लागण्याची शक्यता अधिक. मग अनोळखी गॅरेजमधून निदान येते : ‘इंजिन सीझ झाले, खोलावे लागेल.’ या एका वाक्याची किंमत हजारो रुपये असते. त्यामुळे ते पडताळून पाहणे अगत्याचे आहे.

तेलाचा थर नाहीसा झाल्याने अथवा अतिउष्णतेने धातूचे भाग एकमेकांत रुतून क्रँकशाफ्ट फिरेनासा होणे, म्हणजे इंजिन सीझ होणे. मात्र, किल्ली फिरविल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येणे हा त्याचा पुरावा नव्हे. उतरलेली बॅटरी, सैल टर्मिनल किंवा बिघडलेला स्टार्टरही तसाच आवाज करतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवून दाखविण्यास सांगावे. दोन पूर्ण फेरे सहज झाले, तर इंजिन सीझ नाही. फिरले नाही, तर बाहेरचा पट्टा काढून पुन्हा पाहावे. अल्टरनेटर किंवा एसीचा कॉम्प्रेसरही जाम झालेला असू शकतो. पुराच्या पाण्यातून गाडी काढली असल्यास सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असू शकते. अशा वेळी स्टार्टर मारत राहिल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून आधी पाणी बाहेर काढावे लागते.

खरा वाद कारणाचा असतो. ‘तुम्ही तेल पाहिलेच नाही’ हे उत्तर गॅरेजला सोयीचे असते. ते कधी खरेही असते! परंतु नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल, तर ड्रेन बोल्ट सैल राहणे किंवा तेलाच्या फिल्टरची सील नीट न बसणे याही शक्यता उरतात. म्हणून इंजिन धुण्यापूर्वी, तेल काढण्यापूर्वी डिपस्टिक, ड्रेन बोल्ट व फिल्टर यांची छायाचित्रे घ्यावीत. तेल दुधाळ चहासारखे दिसल्यास त्यात पाणी अथवा कुलंट मिसळल्याचा संशय घ्यावा. बेअरिंग घासून तांबे उघडे पडले असेल व क्रँकचा भाग निळा-काळा झाला असेल, तर बहुधा तेल पोहोचलेले नसते. हेड वाकले असेल व गॅस्केट जळाले असेल, तर रोख कुलिंगकडे जातो. मिस्त्रीने सांगितलेले कारण या खुणांशी जुळले पाहिजे. काढलेले भाग परत मागावेत आणि लेखी अंदाजपत्रकाशिवाय इंजिन खोलू देऊ नये.

बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. गाडी अकोल्यात दुरुस्त झाली असली, तरी अमरावतीच्या रहिवाशाला अमरावतीच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.