विरजण आणि नातीचा प्रश्न



ह्या दिवाळीत मी विरजण लावत होते, तर नात म्हणाली, "आजी, दह्यात जिवंत जिवाणू असतात, पुस्तकात दिलंय. मग आपण दही कसं खातो?" चमचा हातातच राहिला.

मी कॉमर्सवाली. तरी वाचायला बसले.

मेचनिकॉव्ह नावाचे रशियन शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतू गिळतात हे त्यांनी दाखवलं आणि १९०८ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. (आपल्या खेडला हुतात्मा राजगुरू जन्मले ते हेच वर्ष.) १९०५ मध्ये ग्रिगोरोव्ह ह्या बल्गेरियन तरुणाला तिकडच्या दह्यात एक जिवाणू सापडला होता. आतड्यातली कुजण्याची क्रिया आंबट दुधाने थांबते आणि म्हातारपण लांबतं, असं मेचनिकॉव्ह सांगू लागले. स्वतःही रोज पीत. पुढे कळलं की तो जिवाणू आतड्यात टिकून राहतच नाही! पण कल्पना टिकली.

त्यांचेच विद्यार्थी हाफकिन १८९६ मध्ये प्लेगसाठी मुंबईला आले. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून ते प्लेगचे जंतू वाढवत, मग उष्णतेने मारून लस करत. १० जानेवारी १८९७ ला पहिली लस स्वतःला टोचली. रस्सा मांसाचा होता, हे वाचून मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी उघडलं. त्या लसीने माणसं वाचली, हेही खरंच ना?

आज म्हणतात, प्रतिकाराच्या पेशींचा मोठा भाग आतड्याच्या भिंतीत असतो. चांगले जिवाणू तिथे जागा अडवतात, आम्ल तयार करतात, आणि कोणावर तुटून पडायचं, कोणाला सोडायचं, हे पेशी त्यांच्या सहवासात शिकतात. ओडिशात ४,५५६ नवजात बाळांचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला. निवडक जातीचे जिवाणू सात दिवस दिलेल्या बाळांत जंतुदोष आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी घटले. मात्र तो मोजून दिलेला डोस होता, आपली दह्याची वाटी नव्हे.

"आपल्या शास्त्रात हे सगळं होतंच" असं म्हणणं मला पटत नाही. द्विदलाचा किंवा दह्याच्या मर्यादेचा नियम जीवदयेसाठी आहे, प्रतिकारशक्तीसाठी नाही.

नातीला एवढं सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर महाराजसाहेबांचा विहार होईल, त्याआधी तिला स्थानकात नेणार आहे. प्रश्न तिनेच विचारायचा.