शोकनायक : दोष की प्रमाद?

शोकनायकाच्या पतनाचे कारण त्याच्या एखाद्या स्वभावदोषात शोधण्याची सवय आपल्या टीकेला जडली आहे. ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रातील तेराव्या प्रकरणात येणाऱ्या ‘हमार्तिया’ या शब्दाचे ‘दोष’ हे भाषांतर तिला आधार देते. परंतु या शब्दाचा इतिहास वेगळेच सांगतो. होमरच्या ‘इलियड’मध्ये त्याच धातूचा अर्थ भाल्याचा नेम चुकणे असा आहे, ‘पाप’ हा अर्थ पुढे बायबलच्या ग्रीक पाठात रूढ झाला. ॲरिस्टॉटल तर दुष्टपणा वगळूनच हा शब्द योजतो, आणि उदाहरण देतो ते इडिपसचे.

इडिपस कोरिंथ सोडतो तो पितृहत्येचे भाकीत टळावे म्हणून. आणि तिठ्यावर ज्याला मारतो तो आपला जन्मदाता आहे, हे त्याला ठाऊक नसते. तो तापट आहे, हे खरे. पण तापट माणसे पुष्कळ असतात, त्यांचा इडिपस होत नाही. त्याला नायकत्व येते ते सत्याचा माग न सोडल्याने. पुरावा आपल्यावरच उलटत आहे हे दिसत असताही मेंढपाळाला बोलते करण्याचा आग्रह तोच धरतो. सोफोक्लीजच्या मृत्यूनंतर, इ. स. पूर्व ४०१ मध्ये, रंगभूमीवर आलेल्या ‘कोलोनस येथील इडिपस’ या नाटकात वृद्ध इडिपस आपण हे सारे अजाणता केले, असे निक्षून सांगतो.

‘प्रमाद’ या शब्दाला निष्काळजीपणाची छटा आहे खरी. तरीही भाषांतरकार म्हणून मी तोच पत्करीन. दोष म्हटला की प्रेक्षक न्यायाधीश होतो आणि करुणा आटते. प्रमाद म्हटला की नायकाची भीती त्याची स्वतःची होते.