हिरड्यांतलं रक्त

आमच्या घरी सकाळ व्हायची ती तव्यावर भाजलेल्या तंबाखूच्या वासानं. आजी मशेरी भाजायची आणि पायरीवर बसून बोटानं सावकाश दात घासायची. तिच्या हिरड्यांतून कधी रक्त येत नसे. मशेरीनं हिरड्या घट्ट होतात, अशी तिची खात्री. आम्हा मुलांच्या हिरडीतून रक्त आलं, की म्हणायची, "चार दिवस ब्रश लावू नकोस तिथं." पन्नाशीत तिचे दात हलू लागले आणि एकेक करून पडले. कीड एकालाही नव्हती.

हिरड्यांचं हे दुखणं जुनंच. रक्त येणाऱ्या, मऊ पडलेल्या, दुर्गंधी हिरड्यांना सुश्रुतानं 'शीताद' म्हटलं; दात हलू लागतात त्या रोगाला 'उपकुश'. हिरड्यांना न दुखवता रोज दात घासा, असंही त्यानं सांगून ठेवलंय. पण हे होतं कशामुळं?

त्याचा धागा हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापडव्यापाऱ्याच्या हाती लागला. त्याचं नाव लेव्हेनहूक. भिंगं घासायचा त्याला नाद. रोज मिठानं दात घासूनही दातांच्या फटीत पांढरा, पिठासारखा थर राहतो, हे त्यानं पाहिलं. तो पावसाच्या पाण्यात कालवून भिंगाखाली धरला, तर त्यात असंख्य चिमुकले जीव वळवळत होते! १७ सप्टेंबर १६८३ रोजी त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला तसं पत्र लिहिलं. गंमत म्हणजे, खरवडलेल्या थरात व्हिनेगर मिसळलं की ते जीव मरत. नुसती चूळ भरून मात्र मरत नसत. व्हिनेगर त्या थराच्या आतपर्यंत पोचत नाही, हे त्यानं बरोबर ओळखलं. आजही नुसत्या औषधी चुळांवर भिस्त ठेवणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं.

त्या थरानंच हिरड्या सुजतात, हा पुरावा यायला मात्र १९६५ साल उजाडलं. डेन्मार्कमध्ये ऑर्हुसच्या दंतमहाविद्यालयात हॅराल्ड लो यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. त्यात बहुतेक विद्यार्थीच होते. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या.

म्हणजे रक्त येतं तिथं ब्रश थांबवायचा नाही. तिथंच हलक्या हातानं, पण नीट फिरवायचा. थर साचून दगडासारखा झाला की ब्रशनं निघत नाही, तो दंतवैद्यानंच काढावा लागतो. "साफ केल्यानं दात हलतात," असं लोक म्हणतात. खरं तर हाड आधीच झिजलेलं असतं, हा दगडच काय तो दाताला धरून असतो. झिजलेलं हाड सहसा आपोआप भरून येत नाही.

आणि आजीच्या हिरड्या? निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळं आतून रोग असूनही रक्त कमी दिसू शकतं. १९९२ साली सरकारनं दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. घरच्या तव्याला अर्थातच ती लागू नव्हती.