गळाच्या काठीची कुळकथा

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, पैनगंगेच्या दक्षिणेस, तामसीचा परिसर आहे. मराठी, तेलुगू आणि गोंडी अशा तीनही भाषा या बाजूला कानी पडतात. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग मराठी मुलखाला जोडले गेले. तामसी तेलुगू राज्यात राहिले. परंतु नदीतल्या मरळ माशाला ही सीमा कधी कळली नाही, आणि त्याला गळाने धरण्याचे साधनही दोन्ही तीरांवर एकच राहिले : वेळूची काठी, दोरी आणि गळ. या साध्या काठीलाही इतिहास आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान आहे. मासे कोणते, त्यांना कोणते आमिष रुचते, त्यांना एका जागी कसे रुळवावे, याचा विचार तेथे शास्त्रीय शिस्तीने केलेला आढळतो. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. नदीकाठच्या पोराचा खेळ राजाच्या ग्रंथातही मानाने बसला होता, हे त्यावरून दिसते.

इंग्लंडात १४९६ साली गळाच्या मासेमारीवर एक लहानसा ग्रंथ छापला गेला. ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर तो सांगितला जातो. काठी घरी कशी करावी, हे त्यात दिले आहे. २९ सप्टेंबरचा संत मायकेलचा सण आणि २ फेब्रुवारीचा मेणबत्त्यांचा सण यांच्या दरम्यान लाकूड तोडावे, भट्टीत शेकून सरळ करावे आणि महिनाभर वाळवावे, असा तो विधी. आपल्याकडचा बुरूडही वेळू पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडणे पसंत करतो. दोघांची गाठ कधी पडली नाही. पण लाकडाने दोघांना एकच धडा दिला. पावसाळ्यात वाढीच्या भरात तोडलेल्या वेळूत ओल अधिक राहते, आणि ज्या वेळूत पिष्ट अधिक त्याला भुंगा लवकर पोखरतो. म्हणूनच तोडलेला वेळू काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची चाल पडली.

आदिलाबादच्या रानातली मानवेल काठीसाठी विशेष चांगली. तिची पोकळी अरुंद असते, कित्येकदा ती जवळजवळ भरीवच असते. त्यामुळे ती वाकते, पण सहसा मोडत नाही. ती सावलीत वाळवावी, बाक असेल तेथे विस्तवावर धरून हलक्या हाताने सरळ करावी, पेरे तासावीत, शेंड्याला दोऱ्याचे घट्ट वेढे द्यावेत आणि वर जवसाचे तेल मुरवावे. याहून अधिक सामग्री लागत नाही.

हाच हिंदुस्थानी वेळू एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या बंदरातून परदेशी गेला आणि तेथे ‘कलकत्ता वेत’ म्हणून ओळखला गेला. १८४०नंतरच्या दशकात अमेरिकेतील सॅम्युअल फिलिप या बंदूक घडविणाऱ्या कारागिराने वेळूच्या चिरफळ्या एकमेकींस चिकटवून काठ्या केल्या; पुढे सहा चिरफळ्यांची षट्कोनी काठी रूढ झाली. नंतर चीनच्या टोंकिन वेळूने कलकत्त्याला मागे सारले. १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, आणि काचतंतूंच्या काठीला मोकळे रान मिळाले.

तरीही जुनी वेळूची काठी टाकून देण्याजोगी नसते. सैल झालेले वेढे उलगडावेत, जुने रोगण खरवडून काढावे, नवा रेशमी दोरा गुंडाळावा आणि पातळ रोगणाचे हात द्यावेत. बाक आलेली काठी मंद उष्णतेने पुष्कळदा पूर्ववत होते. ती भिंतीला टेकवून ठेवू नये, टांगून ठेवावी. आगीची घाई केली तर मात्र काठी करपते.

वेळूवर इतरांचाही डोळा होता. १९३८ साली स्थापन झालेल्या सिरपूरच्या कागदगिरणीला याच रानांतून वेळू जाऊ लागला. पैनगंगेपलीकडे, महाराष्ट्रात, १९२७च्या वन कायद्याने वेळूची गणना वृक्षांत केली होती. रानाबाहेर लावलेल्या वेळूची त्यातून सुटका २०१७ साली झाली. वेळू हे वास्तविक गवत. एवढी साधी गोष्ट कायद्याला उमगण्यास नव्वद वर्षे लागली. तेवढ्या काळात काठी घडवणाऱ्या तीन पिढ्या होऊन गेल्या.

वेळू पुन्हा लावता येतो. पण तो केव्हा तोडावा, किती शेकावा, कोठे थांबावा, हे हाताचे ज्ञान असते. ते आजोबांच्या हातून नातवाच्या हाती गेले, तरच टिकते. पैनगंगेच्या काठी एखादा म्हातारा अजून विस्तवावर काठी सरळ करीत बसला असेल, तर त्याच्या शेजारी एखादे पोर बसलेले असावे.