अपस्माराचें औषध आणि त्याचें मोल

औषधांचा इतिहास लिहिणारे बहुधा त्यांच्या यशाचाच इतिहास लिहितात. औषध घेणाऱ्याच्या देहावर आणखी काय घडलें, हें तळटीपेंत जातें. अपस्मार, म्हणजे आपल्या घरगुती बोलण्यांतील फेफरें, या रोगाच्या औषधांपुरता तरी हा क्रम आम्ही आज उलटा करून पाहणार आहों.

११ मे १८५७ रोजीं लंडनमधील वैद्यांच्या एका सभेंत सर चार्ल्स लोकॉक या राजघराण्याच्या प्रसूतिवैद्यानें पोटॅशियम ब्रोमाइडचा उल्लेख केला. या क्षारानें पौरुष कांहीं काळ मंदावतें, असा एका जर्मन वैद्याचा अनुभव त्याच्या वाचनांत आला होता. स्त्रियांचें फेफरें कामविकारांतून उद्भवतें ही त्या काळची समजूत. तेव्हां मासिक पाळीच्या वेळीं झटके येणाऱ्या स्त्रियांस त्यानें तें देऊन पाहिलें. समजूत खोटी होती, गुण मात्र खरा आला. गंमत अशी कीं, ज्यास आज आपण दुष्परिणाम म्हणूं, त्याच्याच लोभानें अपस्मारावरील पहिलें उपयुक्त औषध हातीं लागलें!

ब्रोमाइड शरीरांतून फार सावकाश बाहेर पडतें. निम्मा भाग जावयास सुमारें १२ दिवस लागतात. त्यामुळें रोज घेणाऱ्याच्या रक्तांत तें सांचत जाई. अंगावर पुटकुळ्या, दिवसभर गुंगी, अडखळती चाल, विसराळूपणा, क्वचित् भ्रम. झटके कमी होत, परंतु माणूस मंद होऊन बसे. आणि फेफरेकरी मूळचाच मंदबुद्धि असतो हा ग्रह दृढ असल्यामुळें ही मंदताहि पुष्कळांस रोगाचीच वाटे. औषधानें केलेलें नुकसान रोग्याच्या स्वभावाच्या खातीं मांडलें जाणें, हा आमच्या मतें या इतिहासांतील सर्वांत क्रूर भाग होय.

१९१२ सालीं आल्फ्रेड हाउप्टमान यानें फ्रायबुर्ग येथें फेनोबार्बिटलचा गुण दाखविला. तें मूळचें झोपेचें औषध, म्हणून गुंगी राहिलीच. १९३८ सालीं बोस्टन येथें मेरिट व पटनम यांनीं मांजरांवर प्रयोग करून, झोप न आणतां झटके रोखणारें फेनिटॉइन पुढें आणलें. हें पाऊल खरोखरच मोठें होतें. परंतु पुढल्याच वर्षीं या औषधानें हिरड्या फुगून वाढतात अशी नोंद झाली. चेहऱ्यावर केस वाढतात, हेंहि दिसून आलें. शिवाय यकृताची तें पचविण्याची शक्ति मर्यादित. ती मर्यादा आली कीं मात्रा किंचित् वाढवितांच रक्तांतील प्रमाण एकदम चढतें, डोळे थरथरतात, तोल जातो.

व्हॅल्प्रोएटची कथा याहून गंभीर आहे. ग्रेनोब्लच्या प्रयोगशाळेंत तें दुसरीं द्रव्यें विरघळविण्यापुरतें वापरीत. कांहींहि विरघळविलें तरी प्राण्यांचे झटके थांबत, तेव्हां विरघळविणारें द्रव्यच औषध आहे असें उमगलें. १९६७ सालीं तें फ्रान्समध्यें विक्रीस आलें. १९८२ सालीं लिओं येथील एलिझाबेथ रोबेर यांनीं, गरोदरपणीं हें औषध घेतलेल्या मातांच्या मुलांत पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष अधिक आढळतो हें दाखविलें. पुढें आंकडे वाढत गेले: जन्मजात व्यंगें शंभरांत सुमारें १०, आणि बोलण्याशिकण्यांत मागें पडणारीं मुलें शंभरांत ३० ते ४०. गर्भधारणा होऊं शकणाऱ्या स्त्रीस संततिनियमनाच्या पक्क्या व्यवस्थेखेरीज हें औषध देऊं नये, असा कडक निर्बंध युरोपांत आला तो २०१८ सालीं. मधल्या ३६ वर्षांतील कित्येक माता म्हणतात, आम्हांस हें कोणी सांगितलेंच नाहीं. आणि सांगितलें असतें तरी निवड सोपी नव्हती. औषध एकाएकीं सोडणें हेंहि जिवावरचें, तेंहि दोन जिवांच्या.

आपल्याकडे न सांगण्याची रीत दुसऱ्या बाजूनेंहि चालते. वारंवार येणारें फेफरें विवाहास बाधक मानणारे शब्द हिंदु विवाह कायद्यांतून १९९९ सालीं वगळले गेले. घरांतून ते अद्याप गेले नाहींत. मुलीच्या गोळ्या कपड्यांच्या घडीखालीं राहतात. हिरड्या सुजल्या म्हणून ती सासूबरोबर दंतवैद्याकडे जाते, आणि दुसरें कांहीं औषध चालू आहे काय, या त्याच्या प्रश्नास नाहीं म्हणते.