माणसे वगळण्यापासून शक्यता वगळण्यापर्यंत

इंग्रजीत एखादी शक्यता बाजूला काढायची तर ‘एक्सक्लूड’, ‘एलिमिनेट’, ‘प्रिक्लूड’, ‘डिस्काउंट’, ‘रूल आउट’ अशी बरीच क्रियापदे हाताशी असतात. आज ती पुष्कळदा एकमेकांच्या जागी चालतात. पण त्यांची घराणी वेगळी आहेत. यांतले एकही क्रियापद मुळात विचारासाठी घडलेले नाही. शेत, दार, व्यापाऱ्याची वही आणि न्यायालय ही त्यांची जन्मस्थाने. ‘शक्यता’ हे त्यांचे कर्म झाले ते फार उशिरा.

सर्वांत जुनी क्रियापदे शेतातली आहेत. ‘विनो’ म्हणजे उफणणे, ‘सिफ्ट’ म्हणजे चाळणे आणि ‘वीड’ म्हणजे निंदणे. १०६६च्या नॉर्मन विजयाआधीच्या जुन्या इंग्रजीतही ती होती, आणि ‘विनो’चे नाते वाऱ्यासाठीच्या ‘विंड’ या शब्दाशी आहे. पुरावे ‘सिफ्ट’ करणे हा प्रयोग पुढे रूढ झाला, तरी त्यातला जुना रोख टिकून आहे: या शब्दांत टाकून दिलेल्या भुशापेक्षा मागे उरलेल्या दाण्याला महत्त्व असते.

लॅटिनमधून आलेल्या शब्दांचे लक्ष मात्र बाहेर जाणाऱ्याकडे असते. ‘एक्सक्लूड’च्या मुळाशी ‘क्लॉडेरे’, म्हणजे बंद करणे, हे क्रियापद आहे. दार लावून एखाद्याला बाहेर ठेवणे हा त्याचा अर्थ. ‘प्रिक्लूड’ त्याच कुळातला: येणाऱ्याची वाट आधीच अडवणे. ‘एलिमिनेट’ त्याहून कडक. ‘लिमेन’ म्हणजे उंबरठा, आणि सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो घराबाहेर काढणे या अर्थाने.

अशा शब्दांचे कर्म बहुधा माणूस असे. इंग्लंडच्या राजकारणातले ठळक उदाहरण १६७९ ते १६८१ या काळातले आहे. दुसऱ्या चार्ल्सचा भाऊ जेम्स कॅथलिक झाला होता. त्याला गादीच्या वारशातून वगळण्यासाठी संसदेत जी विधेयके आली ती ‘एक्सक्लूजन बिल’ या नावानेच ओळखली जातात. १६८०च्या नोव्हेंबरात उमरावांच्या सभागृहाने त्यातले एक फेटाळले आणि १६८५ मध्ये जेम्स राजा झाला; व्हिग आणि टोरी हे गट याच भांडणातून उभे राहिले. अठराव्या शतकात क्लबांच्या सभासदांनी ‘ब्लॅकबॉल’ हे क्रियापद रूढ केले. गुप्त मतदानात काळी गोळी टाकली की उमेदवाराला नकार. काही क्लबांत त्यासाठी एकच गोळी पुरे होई, आणि कारण कुणालाच द्यावे लागत नसे.

माणसाऐवजी कारणांना बाहेर काढण्याची पद्धतशीर मांडणी फ्रान्सिस बेकनने १६२०च्या ‘नोव्हम ऑर्गनम’मध्ये केली. ग्रंथ लॅटिनमध्ये आहे. उष्णता म्हणजे काय हे शोधताना त्याने उष्ण वस्तूंची एक यादी केली, त्यांच्यासारख्याच पण उष्ण नसलेल्या वस्तूंची दुसरी, आणि कमीअधिक उष्णतेची तिसरी. मग एकेक गुणधर्म वगळत गेला. चंद्राचे किरण उजळ असतात पण उष्ण नसतात. तेव्हा उजेड हे उष्णतेचे स्वरूप नव्हे. अशा छाटणीनंतर उष्णता ही एक प्रकारची गती आहे, या निष्कर्षाशी तो पोचला. दोन शतकांनंतरचे विज्ञान त्याच दिशेला आले, हे त्याच्या पद्धतीचे यश म्हणावे की नशीब, यावर वाद घालता येतो.

बेकनचे काम आणि ‘एलिमिनेट’ हा शब्द यांची गाठ पडली ती गणितामुळे. दोन समीकरणांतून एक अज्ञात राशी नाहीशी करण्याच्या क्रियेला अठराव्या शतकातले बेझूसारखे फ्रेंच गणिती ‘एलिमिनासियाँ’ म्हणत. तो अर्थ इंग्रजी बीजगणितात आला, आणि तेथून जॉन स्टुअर्ट मिलने १८४३च्या ‘अ सिस्टिम ऑफ लॉजिक’मध्ये तो तर्कशास्त्रासाठी उसना घेतला. उसनवारी त्याने उघड सांगितली आहे: समीकरणांतला हा शब्द बेकनच्या काळापासून चालत आलेल्या क्रियेला शोभतो, असे त्याचे म्हणणे. उंबरठ्याबाहेर काढलेला माणूस असा राशीच्या वाटेने कारणाच्या जागी आला.

ही रीत प्रत्यक्षात कशी चाले, हे १८५४च्या लंडनमधल्या कॉलऱ्याच्या साथीत दिसते. रोग दूषित हवेने पसरतो असा तेव्हा सर्वमान्य समज होता. डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटजवळच्या मृत्यूंचा माग काढला. आसपास घरोघरी माणसे मरत असताना जवळच्या वर्कहाउसमधल्या, म्हणजे गरिबांसाठीच्या आश्रयगृहातल्या, ५३५ जणांपैकी फक्त ५ दगावले. तेथली विहीर स्वतंत्र होती. हवा सगळ्यांची एकच, पाणी वेगळे; मग दोष हवेचा कसा?

सुरुवातीच्या यादीतला ‘डिस्काउंट’ हा शब्द व्यापारातला. मुदतीआधी हुंडी वटवताना कापला जाणारा वटाव हा त्याचा अर्थ, आणि एखाद्याच्या बोलण्यातून अतिशयोक्ती वजा करून ऐकणे हा त्याचाच विस्तार.

‘रूल आउट’ वयाने लहान, एकोणिसाव्या शतकातले. ‘रूल’ म्हणजे न्यायाधीशाने दिलेला निर्णय, आणि अमान्य ठरलेला पुरावा त्या निर्णयाने विचारातून बाद होतो. भारतात २०२४पर्यंत लागू असलेल्या १८७२च्या पुरावा कायद्यात, म्हणजे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या मसुद्यात, याच कल्पनेसाठी जुना शब्द होता: दस्तऐवज असताना तोंडी पुरावा वगळण्याच्या प्रकरणाचे शीर्षक ‘एक्सक्लूजन’ने सुरू होत असे.

न्यायालयातून ‘रूल आउट’ दवाखान्यात गेले आणि तेथे घट्ट रुजले. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा हृदयविकार आधी ‘रूल आउट’ करायचा. येथे ‘एलिमिनेट’ चालत नाही, कारण त्यातून रोग नाहीसा केला असा अर्थ निघू शकतो. रोग मुळात नव्हताच, हे सांगायला निर्णयाचाच शब्द लागतो. ‘एक्सक्लूजन’ मात्र येथेही टिकले आहे: इतर कारणे एकेक करून वगळल्यावरच ज्या रोगांचे नाव घेता येते, त्यांच्या निदानाला ते नाव आहे. महाराष्ट्रातले डॉक्टर मराठी बोलतानाही ‘टीबी रूल आउट करू’ असेच म्हणतात. वर्तमानपत्रांनी मात्र ‘नाकारणे’ हे क्रियापद पत्करले आहे, तेही बहुतेक वेळा नकारार्थीच: घातपाताची शक्यता नाकारता येत नाही.