लघुपटातल्या माणसाला बदलायची सक्ती कशाला?

लघुपटाची पटकथा शिकवताना एक नियम फार लवकर फळ्यावर येतो: शेवटी पात्र बदललेले दिसले पाहिजे. भित्रा धीट व्हावा, स्वार्थी उदार व्हावा, रुसलेली मुलगी घरी परतावी. याला ‘कॅरेक्टर आर्क’ म्हणतात. ही कमान नसेल तर पटकथा कच्ची समजली जाते आणि स्पर्धेचे परीक्षकही ‘पात्राचा प्रवास कुठे आहे?’ असे विचारतात. हा नियम लघुपटाला लागू नाही, इतकेच नव्हे तर तो लघुपटाचे नुकसान करतो, असे माझे म्हणणे आहे.

नुकसान कसे होते ते पवनारच्या उदाहरणावरून दाखवतो. वर्ध्याजवळचे हे गाव, धाम नदी, तिच्या पात्रातली छत्री, काठावरचा विनोबांचा आश्रम यांची भुरळ कॅमेरा हाती घेतलेल्या मुलामुलींना पडते. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात नाट्य आणि चित्रपटाचे शिक्षण मिळते, त्यामुळे अशी मुले या भागात कमी नाहीत. पवनारवर लिहिलेल्या ज्या पटकथा मी वाचल्या, त्यांचा सांगाडा बहुधा एकच असतो. शहरात दमलेला तरुण येतो, नदीकाठी बसतो, आश्रमातली एक वृद्ध बहीण त्याच्याशी दोन शांत वाक्ये बोलते आणि बाराव्या मिनिटाला तो निराळा माणूस होऊन बसस्टँडकडे निघतो. लिहिणारी मुले प्रामाणिक असतात आणि त्यांची नजरही चांगली असते. खोट नियमात आहे. बदल दाखवायचाच म्हटले की बदलू शकणारा माणूस शोधावा लागतो, आणि बारा मिनिटांत बदलू शकणारा माणूस म्हणजे बाहेरून आलेला पाहुणा. मग पटकथा त्याची होते. जिने आयुष्याची चाळीस वर्षे शेतात, स्वयंपाकघरात आणि सामुदायिक प्रार्थनेत घालवली, त्या बहिणीच्या वाट्याला त्याला बदलवण्याचे काम येते. तिला स्वतःचे काही हवे आहे का, तिचे कोणाशी पटत नाही, तिने काय सोडले, हे पटकथेला विचारावेसेही वाटत नाही. गावातला माणूस साधन आणि शहरातला माणूस साध्य, ही विषमता कोणी मुद्दाम लिहिलेली नसते. कमानीच्या नियमातून ती आपोआप उतरते.

आता पूर्वपक्षाचे बळ मान्य करून पाहू. लायोश एग्री या हंगेरियन-अमेरिकन नाट्यशिक्षकाने १९४० च्या दशकात आग्रहाने मांडले की जे पात्र वाढत नाही ते नाटकाच्या कामाचे नाही. संघर्षात सापडलेला माणूस एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातोच, असे तो म्हणतो आणि इब्सेनच्या नोराकडे पुनःपुन्हा बोट दाखवतो. सिड फील्डने १९७९ मध्ये पटकथेचे तीन अंक आखून दिले, तेव्हापासून जगभरच्या वर्गांत तोच आराखडा चालतो. ही माणसे उथळ नव्हती. प्रेक्षकाला हालचाल हवी असते आणि नुसते वर्णन पडद्यावर मरते, हे त्यांचे निरीक्षण खरे आहे.

पण त्यांच्यासमोरची लांबी कोणती होती? नोराच्या मागे आठ वर्षांचा संसार आहे आणि तिला दार ओढून घेण्यापूर्वी तीन अंक मिळतात. फील्डचा आराखडा १२० पानांचा, म्हणजे अदमासे दोन तासांचा. पहिली ३० पाने ओळखीची, मधली ६० संघर्षाची, शेवटची ३० उलगड्याची. हेच प्रमाण बारा मिनिटांवर बसवले तर ओळखीला तीन मिनिटे मिळतात, संघर्षाला सहा आणि उलगड्याला तीन. सहा मिनिटांच्या संघर्षात माणसाचा स्वभाव बदलत नाही, फार तर त्याचे मत बदलते. मत बदलले तेवढ्यावर स्वभाव बदलल्याचा भास निर्माण करायचा तर संगीत वाढवावे लागते, डोळ्यांत पाणी आणावे लागते आणि कोणाला तरी उपदेश करायला लावावे लागते. आपल्या लघुपटांवर भाबडेपणाचा जो आरोप होतो, त्याचे मूळ बव्हंशी इथे आहे.

लहान आकाराचे शास्त्र निराळे असते, हे आपल्याकडच्या नाट्यविचाराने फार पूर्वी ओळखले होते. नाट्यशास्त्रात आणि पुढे धनंजयाच्या दशरूपकात रूपकाचे दहा प्रकार सांगितले आहेत. नाटक आणि प्रकरण या मोठ्या प्रकारांना मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण हे पाचही संधी, म्हणजे कथानकाचे सांधे, लागतात. भाण, प्रहसन, वीथी आणि अंक या आटोपशीर प्रकारांना मात्र मुख आणि निर्वहण एवढे दोनच पुरतात. एका अंकाच्या व्यायोगात गर्भ आणि विमर्श नसतात. गळाले काय, तेही पाहण्यासारखे आहे. गर्भात आशा हाती येते आणि निसटते, विमर्शात माणूस शंकेने, क्रोधाने, मोहाने घुसळून निघतो. पात्र बदलते ते याच मधल्या पट्ट्यात. शास्त्रकारांनी छोट्या प्रकारासाठी या पट्ट्याची छोटी आवृत्ती काढली नाही, तो पट्टाच वगळला. पटकथेच्या वर्गात ॲरिस्टॉटल शिकवावाच, पण त्याच्या शेजारी हे चार-पाच नियम मांडायला काय हरकत आहे?

भासाच्या नावावर असलेल्या एकांकी नाटकांत याचा पुरावा मिळतो. ‘कर्णभार’मधला कर्ण रणांगणाकडे निघाला आहे. ब्राह्मणाच्या वेषात इंद्र येतो आणि कर्ण कवचकुंडले देऊन टाकतो. शल्य सावध करतो, तरी देतो. कर्ण आधी दाता होता, नंतरही दाताच आहे. बदलली ती आपली जाण. दातृत्व ही त्याच्या बाबतीत सवय नसून मृत्यूच्या किमतीवरही न मोडणारी गोष्ट आहे, हे आपल्याला त्या एका मागणीने कळले.

यावर जाणकार ‘ऊरुभंग’ पुढे करतील. तिथे मांडी मोडून पडलेला दुर्योधन वैर सोडतो, अश्वत्थाम्याला शांत करू पाहतो, म्हणजे एका अंकात बदल घडतोच. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पण त्या बदलाला उभे राहायला जागा कोणी दिली? महाभारताने. द्यूतसभा, वनवास आणि अठरा दिवसांचे युद्ध प्रेक्षक मनात घेऊनच आलेला असतो. भासाला फक्त शेवटची पायरी लिहायची होती. आजच्या लघुपटातला रमेश किंवा सुनंदा पडद्यावर येते तेव्हा प्रेक्षकाला तिच्याबद्दल काहीच माहीत नसते. ज्याची मुळातली स्थिती धड कळलेली नाही, त्याचे पालटणे कोणाला भिडणार?

पवनारला परत येतो, कारण या वादाचे सर्वांत चांगले उत्तर तिथेच सापडते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. बाराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी सगुण आणि निर्गुण भक्ती समजावण्यासाठी लक्ष्मण आणि भरत यांची जोडी घेतली. लक्ष्मण रामाजवळ राहिला, भरत दूर राहून रामाचे काम करत राहिला. चौदा वर्षांनी राम-भरत भेटतात त्या क्षणाचे चित्र कोणी काढावे, अशी कल्पना विनोबांनी तिथे मांडली. दोघांच्या जटा वाढलेल्या, दोघेही तपाने सारखेच कृश. अरण्यातून आलेला कोण आणि अयोध्येजवळ राहिलेला कोण, ते पाहणाऱ्याला पटकन ओळखू येऊ नये. पुढे १९३८ मध्ये प्रकृती ढासळलेली असताना ते पवनारला आले, धाम ओलांडताना सगळ्या चिंता टाकल्या आणि हळूहळू वेळ वाढवत रोज जमीन खणू लागले. त्या खोदकामात जुनी शिल्पे निघाली. वाकाटकांच्या काळातल्या या गावाची माती अशा अवशेषांनी भरलेली आहे. विनोबांना सापडलेल्या शिल्पांतले एक आश्रमात भरत-राम भेटीचे म्हणून पूजले जाते.

पटकथा लिहिणाऱ्याने विनोबांची ती कल्पना नीट न्याहाळावी. भरताची चौदा वर्षे त्यात दाखवलेली नाहीत. त्याच्या रोजच्या निग्रहाचे एकही दृश्य नाही, मन पालटल्याचा क्षण नाही. आहे ते फक्त शरीर, आणि शेजारी दुसरे तसेच शरीर. दोघांच्या साम्यातून चौदा वर्षे वाचता येतात. लघुपटातला व्यक्तिविकास असा साधावा: काळ पडद्याबाहेर घडून गेलेला, त्याची खूण पडद्यावर, आणि ती खूण उजेडात आणणारी एक भेट. पात्राची जन्मतारीख, आवडता रंग, बालपणीची भीती असे तक्ते भरून घेण्याची पद्धत वर्गात आहे. एग्रीच्या शरीर, समाज आणि मन या तीन परिमाणांची ती पातळ झालेली नक्कल. भरायचे असतील तर भरावेत. पण त्यातले जे हातावर, चालण्यात, बोलण्यात उमटत नाही ते लघुपटाच्या उपयोगाचे नाही.

आपल्या चांगल्या लघुपटांनी हे केलेले आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘पावसाचा निबंध’मध्ये शाळेने पावसावर निबंध लिहायला सांगितला आहे, आणि राजाच्या घरात तोच पाऊस गळतो आहे, बाप दारू पिऊन बाहेर पडला आहे. राजा बदलत नाही. निबंधाचा पाऊस आणि छपरातून येणारा पाऊस यांच्यामध्ये तो उभा आहे, आणि त्या उभे असण्यातून आपल्याला त्याचे अख्खे आयुष्य कळते. दिग्दर्शनासाठी या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. राज प्रीतम मोरे यांच्या ‘खिसा’मध्ये मुलाला शाळेच्या सदऱ्याला मोठा खिसा हवा असतो. एवढी एक इच्छा, पण तिच्यात काय काय मावते ते बघत गेले की मुलगा आणि भोवतालची मोठी माणसे दोन्ही उघडी पडतात. सत्यजित राय यांचा १९६४ चा ‘टू’ घ्या. खिडकीतला श्रीमंत मुलगा आणि बाहेरचा गरीब मुलगा, संवाद एकही नाही. श्रीमंत मुलगा खेळण्यातल्या बंदुकीने पतंग फोडतो आणि शेवटी बाहेरून बासरी पुन्हा ऐकू येते. त्याला उपरती झाल्याचे राय दाखवत नाहीत. दाखवली असती तर तो बोधकथेचा धडा झाला असता. उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’त मात्र मुलाच्या मनाचा पालट आहे, हे प्रांजळपणे नोंदवतो: घरात आलेल्या पिठाच्या गिरणीचे कौतुक हळूहळू जाच होते. पण तो पालट एका यंत्राशी असलेल्या नात्यापुरता आहे. मुलाच्या स्वभावाची उलथापालथ दिग्दर्शकाने मागितलेली नाही.

मराठी लेखकाला हे परके वाटायचे कारणही नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ ची. त्यातली माणसे कुठल्याही टोकाहून कुठल्याही टोकाला जात नाहीत, तरी पिढ्या त्यांना विसरल्या नाहीत. व्यक्तिचित्र हा आपला कसलेला प्रकार आहे आणि लघुपट त्याचा जवळचा नातलग आहे. कादंबरीचे नियम त्याच्यावर लादण्यापेक्षा या नात्यातून शिकणे जास्त फळेल.

मग शिकवायचे काय? सर्वांत आधी निवड शिकवावी, जिची किंमत मोजावी लागते अशी. पवनारच्या याच आश्रमातल्या ब्रह्मविद्या मंदिराचे पाहा. १९५९ मध्ये विनोबांनी स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी ते सुरू केले आणि तिथे निर्णय सर्वसंमतीने घेण्याची रीत आहे. पटकथेसाठी याहून सकस परिस्थिती मला सुचत नाही. सगळ्या जणी एका गोष्टीला तयार आहेत आणि एक बहीण नाही म्हणते. मतदान नाही, त्यामुळे तिला हरवता येत नाही. प्रेम आहे, त्यामुळे तिच्यावर रागावताही येत नाही. ती ‘नाही’ कसे म्हणते, भाजी निवडताना म्हणते की सभेत, कोणाकडे बघून म्हणते, दुसऱ्या दिवशी कामाला किती वाजता उठते, यात तिची चाळीस वर्षे येतील. शेवटी तिने होकार दिलाच पाहिजे असे नाही. ती बदलली तर चित्रपट उलट दुबळा होईल, कारण मग प्रश्न सुटेल आणि ती मात्र निसटेल.

आणि पात्राला दुसऱ्या माणसासमोर उभे करायला शिकवावे. एकच स्त्री तहसील कचेरीत ‘पाहा ना जी’ म्हणते आणि घरी मुलाला ‘कायले उशीर केला रे?’ विचारते. या दोन वाक्यांत दोन उंचीची माणसे आहेत. विदर्भातल्या पटकथांतून ही बोली गाळून सगळ्यांच्या तोंडी पाठ्यपुस्तकी मराठी घातली जाते तेव्हा पात्र घडवण्याचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत नेमके साधन हातचे जाते. वऱ्हाडी विनोदापुरती ठेवणे हाही तिचा अपमानच.

एक आक्षेप उरतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. माणूस बदलत नाही असे दाखवणे म्हणजे जग आहे तसे मान्य करणे, असे सामाजिक आस्था असलेले तरुण म्हणतात. त्यांच्यासाठीही उत्तर पवनारच्याच इतिहासात आहे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी याच गावात विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. गांधींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांना निवडले होते. २१ तारखेला अटक झाली, शिक्षा झाली. सुटल्यावर त्यांनी पुन्हा सत्याग्रह केला आणि पुन्हा तुरुंगात गेले. या घटनेतला नायक पहिल्या दिवशी जे बोलतो तेच शेवटच्या दिवशी बोलतो. सरकारला त्याला अटक करावी लागते, सोडावे लागते, परत पकडावे लागते. सगळी हालचाल त्याच्या समोरच्या पक्षाची. कमानीचा नियम मानणारा लेखक इथे विनोबांना एक शंकेची रात्र देईल, एक डळमळीत क्षण घालेल, म्हणजे ‘प्रवास’ होईल. तसे केले की सत्याग्रह म्हणजे काय हेच त्या लघुपटातून निघून जाईल. त्याऐवजी सभेत बसून भाषणाची टिपणे घेणारा एक पोलीस शिपाई कल्पावा, ज्याला हीच वाक्ये दुसऱ्यांदा लिहावी लागत आहेत, आणि कॅमेरा त्याच्या हातातल्या पेन्सिलीवर ठेवावा.